प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या नावाने एकरी पैसे मागितले जात असतील, तर हे वाचून घ्या

शहराचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्याची कल्पना ही थाप नाही, आणि नेमके म्हणूनच तिच्या नावावर लोकांना फसवणे सोपे जाते. पुणे महापालिकेचे प्रक्रिया केलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे सगळे ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडले जाते, वर्षाला 6.5 टीएमसी पाणी असे शेतीला द्यायचे आणि शहराने धरणातून पिण्यासाठी पाणी घ्यायचे, असे महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात ठरलेले आहे. हवेली आणि दौंड तालुक्यांतल्या लोकांना हे ऐकून नव्हे, तर शेताच्या बांधावरून ठाऊक आहे. त्यामुळे "तुमच्या तालुक्याच्या नगरपरिषदेचे पाणीही असेच पाइपने आणून देतो" असे कोणी म्हणाले, तर त्यात अशक्य असे काही वाटत नाही. आमच्या गावात आलेल्या मंडळींनी ही ओळखच भांडवल म्हणून वापरली.

बैठक मंदिराच्या सभामंडपात झाली. पडद्यावर मुंढव्याच्या जॅकवेलची छायाचित्रे दाखवली गेली, जणू तो प्रकल्प यांनीच उभारला होता. तसे तोंडाने मात्र कोणी म्हणाले नाही. मग इस्राएल आले. तिथे शहरी सांडपाण्याचा जवळजवळ 90 टक्के भाग पुन्हा वापरात येतो आणि त्यातला बहुतांश शेतीला जातो, हे खरेच आहे. पण तेल अवीव परिसराचे पाणी प्रक्रियेनंतरही आधी वाळूच्या थरांतून जमिनीत मुरवतात, तिथून पुन्हा उपसतात आणि मगच नेगेवच्या शेतीकडे पाठवतात, हा भाग वक्त्याने गाळला. शेवटी खताचा मुद्दा निघाला. या पाण्यात नत्र आणि स्फुरद आयतेच असते, युरियाच्या गोण्या वाचतील, असे सांगितले गेले. हेही अर्धे खरे आहे, कारण ऊस तोडणीला आला असताना नत्र मिळत राहिले तर पाला वाढतो आणि रसातली साखर घटते. ते नत्र पाण्यातून येत असेल तर बंदही करता येत नाही.

पैसे एकरी 18 हजार रुपये ठरले. निम्मे नोंदणीच्या वेळी आणि निम्मे पाइप शिवारात आल्यावर. "काका, पाइपात पाणी दिसलं की पैसे वसूल झाले समजा," हे त्यांच्या प्रतिनिधीचे वाक्य अजून गावात टिंगलीने म्हटले जाते. पावती मात्र नीट पाहण्यासारखी होती. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात योजनेचे नाव आणि पाण्याच्या थेंबाचे चित्र होते, रकमेपुढे "सभासदत्व व तांत्रिक सल्ला शुल्क (ना-परतावा)" असे छापलेले होते आणि मागच्या बाजूला बारीक टायपात "पाण्याची उपलब्धता संबंधित स्थानिक स्वराज्य संस्थेच्या धोरणावर अवलंबून राहील" अशी ओळ होती. म्हणजे पैसे आम्ही पाण्यासाठी देत होतो आणि कागदावर ते सल्ल्यासाठी घेतले जात होते. पुढे पोलिस ठाण्यात हाच मजकूर त्यांनी ढालीसारखा पुढे केला.

आता त्या प्रयोगशाळेच्या अहवालाविषयी, कारण फसवणुकीचा कणा तोच होता. अहवाल खोटा नव्हता, प्रयोगशाळाही खरी होती. बीओडी लिटरला 9 मिलिग्रॅम, निलंबित घन पदार्थ कमी, सामू सातच्या आसपास, असे आकडे होते आणि सभेत ते मोठ्याने वाचून दाखवले गेले. पण अहवालाच्या तळाशी, सहीच्या वर, "नमुना ग्राहकाने आणून दिलेला आहे, प्रयोगशाळेने गोळा केलेला नाही" असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि नमुन्याच्या ठिकाणाच्या रकान्यात फक्त "एसटीपी आउटलेट", म्हणजे मलजल प्रक्रिया केंद्रातून पाणी बाहेर पडते ती जागा, एवढेच होते. कोणत्या गावचा एसटीपी, हे कुठेच नव्हते. अशा अहवालाचा अर्थ इतकाच, की कोणीतरी कुठून तरी एक बाटली चांगले पाणी आणले होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अहवालात जे नव्हते ते. बीओडी म्हणजे पाण्यातल्या सडणाऱ्या सेंद्रिय घाणीचे माप. नदीत माशांना प्राणवायू पुरावा म्हणून ते फार महत्त्वाचे आहे, पण पीक त्यावर ठरत नाही. 1986 च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या सर्वसाधारण मानकांमध्ये नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे आणि सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यासाठी तीच 100 आहे, यावरूनच हे लक्षात यावे. शेतकऱ्याला पाहायचे असते ती क्षारांची विद्युतवाहकता, सोडियमचे शोषण गुणोत्तर, क्लोराइड, बोरॉन, आणि पालेभाजी किंवा कच्चे खाण्याचे पीक असेल तर विष्ठाजन्य कोलिफॉर्म. नेहमीच्या एसटीपीत हवा देऊन जिवाणूंकरवी घाण खाववली जाते. विरघळलेले मीठ त्या प्रक्रियेत जात नाही, ते जसे आले तसे बाहेर पडते. म्हणून अगदी उत्तम चालणाऱ्या प्रकल्पाचे पाणीसुद्धा क्षार तपासल्याशिवाय काळ्या जमिनीला देऊ नये. आपल्याकडची भारी काळी माती सोडियमने फुगते आणि तिची छिद्रे बुजतात. पाणी मुरेनासे झाले की शिवार चोपण व्हायला सुरुवात होते. कांदा तर क्षारांच्या बाबतीत फार नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 1.2 डेसीसीमेन्सच्या वर गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते. गहू 6 पर्यंत तग धरतो. "सर्व पिकांना चालते" असे म्हणणाऱ्याने यातले काहीच पाहिलेले नसते.

हिशेबही कोणी मांडला नव्हता. योजनेत रोज 10 लाख लिटर पाणी आणि 400 एकर क्षेत्र असे आकडे होते. एका एकरावर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 20 हजार लिटर. उन्हाळ्यात ठिबकवरच्या उसाला रोज साधारण एवढे लागतेच. 10 लाखांना 20 हजारांनी भागले की 50 एकर निघतात. उरलेल्या साडेतीनशे एकरांच्या मालकांकडूनही पैसे घेतले गेले होते.

पाणी आले, हे सांगितले पाहिजे. रस्त्याच्या कडेने काळा एचडीपीई पाइप टाकला गेला, नारळ फुटला, दुसऱ्या हप्त्याची वसुली त्याच दिवशी झाली. सुरुवातीला पाइपाच्या तोंडाशी साबणासारखा फेस यायचा आणि वास यायचा. "क्लोरीन आहे," असे उत्तर मिळायचे. क्लोरीनला असा वास नसतो, हे ज्यांच्या घरी नळ आहे त्यांना कळत होते. ठिबकच्या जाळी फिल्टरवर करड्या रंगाचा बुळबुळीत थर बसू लागला. तो धुतला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच, आणि लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरांतून पाणी पडेनासे झाले.

उलगडा नगरपरिषदेच्या एका साध्या सूचनेमुळे झाला. यंत्रसामग्रीच्या दुरुस्तीसाठी मलजल प्रक्रिया केंद्र काही दिवस बंद राहील, अशी ती सूचना होती. केंद्र बंद झाले आणि आमच्या पाइपात पाणी तसेच येत राहिले. गावातली तरुण पोरे पाइपाच्या कडेकडेने चालत गेली. पाइप केंद्राच्या कुंपणापर्यंत पोचतच नव्हता. त्याच्या बऱ्याच अलीकडे, नाल्यात मातीच्या गोण्यांचा बांध घालून साठवलेल्या काळ्या पाण्यात फूटव्हॉल्व्ह बुडवलेला होता. नगरपरिषदेत चौकशी केली तेव्हा असा कोणताही करार, ठराव किंवा निविदा नसल्याचे लेखी मिळाले. ते पाणी आम्ही स्वतः भरून मृद चाचणी प्रयोगशाळेत दिले, विद्युतवाहकता 2.1 डेसीसीमेन्स आली आणि सोडियमविषयी तिथल्या अधिकाऱ्यांनी भारी जमिनीला देऊ नका असा शेरा लिहिला.

कोणी अशी योजना घेऊन आले तर पहिली मागणी नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या ठराव क्रमांकाची आणि मूळ कराराच्या प्रतीची करावी. "फाइल मंत्रालयात आहे" हे उत्तर स्वीकारू नये. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत तीच गोष्ट अधिकृतपणे कळते. नाला, नदी किंवा कालव्यातून उपसा असेल तर जलसंपदा विभागाचा परवाना कोणाच्या नावे आहे ते पाहावे. पाण्याचा नमुना पाइपाच्या तोंडाशी, आपल्या हाताने, एकदा नव्हे तर वेगवेगळ्या वेळी भरून पाठवावा. सहकारी संस्था असल्याचे सांगत असतील तर उपनिबंधक कार्यालयात नोंदणी तपासावी. पावतीवर "सल्ला", "सेवा" किंवा "ना-परतावा" हे शब्द दिसले की तिथेच थांबावे, आणि रोख देऊ नये. आमच्यापैकी ज्यांनी बँकेतून पैसे पाठवले त्यांच्याच तक्रारीला आज काही आधार आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार दाखल झाली आहे आणि पैसे मिळालेले नाहीत. ज्यांच्या रानात पाणी साचून राहू लागले आहे ते मातीच्या अहवालानुसार जिप्सम टाकून, धैंचा गाडून आणि चर काढून जमीन वळवण्याच्या खटपटीत आहेत. दरम्यान, शेजारच्या तालुक्यात नव्या नावाने बैठका सुरू झाल्याचे कळते. पत्रक वेगळे आहे, पण पाण्याच्या थेंबाचे चित्र तेच आहे आणि बीओडीचा आकडाही तोच, 9.