फ्लुरालानरची गोळी: लंगडणं थांबल्यानंतरचे काही महिने

आमचा भुरा देशी कुत्रा, 18 किलोचा. गेल्या पावसाळ्यात लंगडायला लागला तेव्हा घरात प्रत्येकाचं निदान वेगळं: काटा रुतला असेल, जिन्यावरून उडी मारली असेल. पण लंगडणं पाय बदलत होतं. आज मागचा डावा, परवा पुढचा उजवा. सकाळी उठताना अंग आखडलेलं, दुपारी जरा मोकळा. एक्स-रेत काहीच नाही. रक्तात मात्र प्लेटलेट घसरलेल्या आणि एर्लिकिया पॉझिटिव्ह. म्हणजे गोचीड ताप. एर्लिकिया हा खरं तर जिवाणू. परजीवी ती गोचीड, जी चावताना तो रक्तात सोडते. काही कुत्र्यांत त्याने सांधे सुजतात.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा 28 दिवसांचा कोर्स झाला. लंगडणं लवकर थांबलं, तरी गोळ्या पूर्ण केल्या. त्यानंतर डॉक्टरांनी फ्लुरालानरची, म्हणजे गोचिडी मारणाऱ्या औषधाची, चघळायची गोळी सुरू केली. 10 ते 20 किलोच्या कुत्र्याला 500 मिलिग्रॅमची, एकदा दिली की साधारण 12 आठवडे. जेवणासोबत द्यायची. भुऱ्याने बिस्किटासारखी मटकावली.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या अंथरुणावर सुकलेल्या, पाय आखडलेल्या गोचिडी सापडायला लागल्या. कानाच्या आतल्या घडीत बोट फिरवलं की आधी हमखास मसुरासारखं काहीतरी लागायचं, ते बंद झालं. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: गोळी गोचिडीला दूर ठेवत नाही. ती चावते, रक्त पिते, मग मरते. त्यामुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि आधीच लंगडणाऱ्या कुत्र्याला ही गोळी म्हणजे उपचार नव्हे.

शिवाय आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. चपलांच्या कपाटामागची फट सिमेंटने बुजवली, गोणपाट फेकून दिलं, तेव्हा कुठे फरक टिकला. माझ्या मते अर्धं श्रेय त्या सिमेंटचं.

किंमत झोंबते. तरी दर महिन्याला मानेवर थेंब टाकून दोन दिवस अंघोळ टाळण्यापेक्षा मला हेच परवडलं. पहिल्या गोळीनंतर एक दिवस पोट बिघडलं, पुढे काही नाही. कुत्र्याला फिट येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. फ्लुरालानरच्या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2018 मध्ये तसा इशारा दिला आहे.