लाईनवरची गाडी: मालकाकडे, कंपनीत की स्वतःची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावहून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) भरून निघालेल्या दहा चाकीच्या केबिनमध्ये पूर्वी दोघे असायचे, ड्रायव्हर आणि क्लीनर. ताडपत्री आवळायची, चाकांवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखायची, घाटात चाकामागे दगड लावायचा, नाक्यावर कागद घेऊन पळायचे आणि रात्री दोन वाजता ड्रायव्हरला बोलते ठेवायचे, ही क्लीनर पोराची कामे. दोन-तीन वर्षांनी रिकाम्या गाडीवर हात बसायचा, मग भरलेल्या. पुढे एखादी जुनी गाडी घेऊन तोच मालक व्हायचा.

ती शिडी मोडली. २०१७ च्या जीएसटीने राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकर नाके उठवले, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यावर पळायचे काम संपले. नॅशनल परमिटच्या (देशभर चालण्याचा परवाना असलेल्या) गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत ही अटही २०१८ मध्ये निघाली. मालकांनी क्लीनरचा पगार वाचवला, त्याबरोबर ड्रायव्हर घडवणारी शाळाही बंद केली. आता ‘चांगला ड्रायव्हर मिळत नाही’ म्हणून कपाळाला हात लावणारेही तेच.

लायसन हातात असलेल्या पोरापुढे आज तीन वाटा आहेत: दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे ट्रिपवर जायचे, मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीत पगारावर लागायचे, किंवा कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यायची. बहुतेकजण महिन्याला हातात किती पडतात यावर तुलना करतात आणि तिथेच फसतात. आधी विचारायचे ते हे: गाडी उभी राहिली किंवा रिकामी परतली, तर तो दिवस कोणाच्या अंगावर?

पुराचे दिवस आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे–बंगळुरू वाहतूक काही दिवस बंद पडली. ट्रिपवरच्या ड्रायव्हरला त्या दिवसांत ट्रिपच नव्हती. जेवणाचा भत्ता मिळाला तर मालकाच्या मनावर. पगारी माणसाचा महिना चालू राहतो. स्वतःच्या गाडीवाल्याचा हप्ता चालू राहतो.

आधी लायसन

व्यापारी मालगाडीसाठी वय २० पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जुने हवे. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली. ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला (फॉर्म ५), डॉक्टरचा दाखला (फॉर्म १-ए), लर्निंग लायसन, मग चाचणी. पक्के लायसन पाच वर्षे चालते. ॲसिड, गॅस, इंधन अशा धोकादायक मालाच्या टँकरला वेगळे प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते, तिची मुदत तीन वर्षे.

क्लीनरची शाळा गेली तरी एक पर्याय उरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. अशा टेम्पोवर वर्ष-दीड वर्ष काढा. करूळ किंवा फोंडा घाटातून पावसाळ्यात कोकणात माल नेणारा पोरगा दहा चाकीवर बसतो तेव्हा त्याला गिअर शिकवावा लागत नाही.

मालकाकडे, ट्रिपवर

इथे हात सर्वात लवकर तयार होतो. गाडी बिघडली की मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून बघता येते, रस्ते आणि गिऱ्हाईक कळतात, मालक ओळखीचा असतो, घरी अडचण आली तर रात्री फोन उचलतो. पण व्यवहार तोंडी असतो आणि वाद होतो तो पगारावरून नाही, ट्रिपखर्चावरून. पंक्चर, पार्किंग, ताडपत्रीचे दोर, भरणी-उतरणीची हमाली आणि वाराई (माल उतरवताना ड्रायव्हरकडून घेतले जाणारे पैसे) भत्त्यातून जाणार की वेगळी मिळणार, हे गाडी हलण्याआधी ठरवा. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मालवाहतूकदारांची जुनी मागणी. गोदामाच्या दारात मात्र पैसे ड्रायव्हरच्याच खिशातून आधी जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे उचल, पगारापोटी आगाऊ घेतलेले पैसे. लग्न, दवाखाना, घराची डागडुजी, कारण काहीही असो, मालक आनंदाने देतो. मग ती फिटेपर्यंत नोकरी बदलता येत नाही आणि भरलेल्या वजनावर तोंड उघडता येत नाही. २०१८ मध्ये दहा चाकी गाडीचे कायदेशीर एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले, तरी त्यावर चार टन टाकणारे आहेतच. केंद्रीय कायद्यात जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. दंड मालक भरेल, वजनकाट्यावर दोन दिवस बसणार ड्रायव्हर.

जादा वजन खरे अंगाशी येते ते निपाणीजवळच्या तवंदीसारखा घाट उतरताना. वारंवार ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते, हवेचे प्रेशर कॉम्प्रेसर भरून काढण्याआधी उतरते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे यात पहिले. मुळात आजच्या इंजिनात ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच असते, म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, उलट इंजिनाचा रेटा मात्र जातो. घाट चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये, किंवा एक खालच्या, उतरायचे. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) उतार सुरू होण्याआधी लावायचा, मध्यावर नाही.

विम्याच्या पॉलिसीत पगारी चालकाच्या दायित्वाची ओळ आहे का, हे स्वतः वाचा. मालक रागावला तरी वाचा.

कंपनीत, पगारावर

बाहेरून सगळ्यात चकचकीत वाट हीच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगोने रिले पद्धत गाजवली: चार-पाच तासांनी ड्रायव्हर बदलायचा, गाडी पुढे जायची, ड्रायव्हर उलट दिशेची दुसरी गाडी घेऊन त्याच दिवशी घरी. २०२२ मध्ये तिचा एक्सप्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. कोल्हापुरातून पुणे सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे रिलेला अंतर अगदी बेताचे. अडचण मालाची आहे. दोन्ही दिशांना रोज ठरलेल्या वेळी भरलेली गाडी असेल तरच रिले परवडते. कास्टिंग, साखर, इचलकरंजीचे कापड इथून बाहेर जाते भरपूर, परतीचा माल तेवढा बांधलेला नसतो. म्हणून जाहिरातीत ‘रोज घरी’ लिहिले असेल तर कोणत्या मार्गावर आणि आठवड्यातले किती दिवस, हे विचारा.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला जास्तीत जास्त १० आणि ५४ तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे माप घालून दिले. ड्युटीचा तक्ता त्याच मापाने तपासा. गोदामात भरणीची वाट बघत बसलेले तास ड्युटीत धरतात का? ज्या कंपनीत धरत नाहीत तिथे कागदावर ८ आणि अंगावर १४ तास पडतात.

सर्वात महत्त्वाचा कागद नेमणुकीचा. गाडीवर नाव मोठ्या कंपनीचे आणि नेमणूकपत्र ठेकेदाराचे, हे सर्रास चालते. वीस किंवा अधिक कामगार असले की पीएफ लागू, मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढेच मालकाचे. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा. तीन महिन्यांनी पीएफचे पासबुक मोबाईलवर उघडून पैसे पडलेत का बघा. ‘कापले’ आणि ‘भरले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाच मशीनचा असतो. जीपीएस, तोंडावर रोखलेला कॅमेरा, टाकीतला सेन्सर, जोरात दाबलेल्या ब्रेकची मोजणी. मालकाकडे डिझेलच्या ॲव्हरेजवर तोंडी भांडण होते, इथे पगारातून कपात. ठरलेला ॲव्हरेज भरलेल्या गाडीचा की रिकाम्या, सपाटीचा की घाटाचा, हे लेखी घ्या. सातारा–कागल पट्ट्यात सहापदरीकरणाच्या वळणांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेली गाडी कागदावरचा ॲव्हरेज कुठून देणार?

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाडीत धूर साफ करणारे डीईएफ नावाचे द्रव लागते, ड्रायव्हर त्याला युरिया म्हणतात. डिझेलच्या साधारण ५ टक्के खप. खताचा युरिया पाण्यात कालवून ओतला की नोझलमध्ये खडे धरतात, धूर तपासणारा नॉक्स सेन्सर खराब होतो, इंजिनाची ताकद आपोआप कमी होते आणि दोष ड्रायव्हरवर येतो. सीलबंद कॅनच घ्या, पावती ठेवा.

सुखाची एक बाजू खरी आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आणि नव्या गाड्या आधी मोठ्या ताफ्यांतच येतात. आणखी एक, सोयरीक जुळवताना ‘ट्रकवर आहे’ म्हटले की पाहुणे गप्प होतात, ‘लॉजिस्टिक्स कंपनीत आहे’ म्हटले की चहा येतो. काम तेच.

स्वतःची गाडी

इथे स्वप्न बाजूला ठेवून वही काढा. समजा ३० लाख कर्ज, १० टक्के व्याज, ६० हप्ते: महिन्याला सुमारे ६३,७५० रुपये. कोल्हापूर–बंगळुरू साधारण ६१० किलोमीटर, जाऊन-येऊन १,२२०. लिटरला ४ किलोमीटर धरले तर ३०५ लिटर. ९० रुपये दराने २७,४५० रुपये डिझेल, वर १५ लिटर डीईएफ.

महिन्यात चार फेऱ्या झाल्या तर ४,८८० किलोमीटर, म्हणजे हप्ताच किलोमीटरला १३ रुपये. सहा फेऱ्या झाल्या तर ८ रुपये ७० पैसे. डिझेल २२ रुपये ५० पैसे. चार फेऱ्यांवर हे दोन आकडेच ३५ रुपये ५० पैसे होतात. टोल, टायर, विमा, दुरुस्ती आणि तुमचे पोट अजून यायचे आहे. परतीचा माल मिळाला नाही तर जातानाच्या भाड्याने दोन्ही बाजूंचा खर्च उचलायचा. रिकाम्या गाडीला डिझेल थोडे कमी लागते, पण हप्ता रिकाम्याला सूट देत नाही.

वर्षाचे ठरलेले खर्च: २० ते ४० टनांच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा सुमारे ४४,०००, नॅशनल परमिटची एकत्रित फी १६,५००. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. जुनी घेणार असाल तर लक्षात ठेवा, नॅशनल परमिट दोन एक्सलच्या गाडीला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टिएक्सलला (दहा चाकी यातच येते) १५ वर्षांपर्यंतच. नऊ वर्षांची दहा चाकी स्वस्त दिसते, पण लाईनवर (राज्याबाहेरच्या लांब पल्ल्याला) तिची सहाच वर्षे उरलीत. पाच वर्षांच्या हप्त्यावर घेतली तर कर्ज फिटल्यावर एकच वर्ष कमाईचे.

भाडे दलालामार्फत येते: काही टक्के आगाऊ, बाकी पोच दिल्यावर. पोचपावतीवर ‘दोन नग कमी’ किंवा ‘ओले’ असा शेरा पडला की बाकी अडकते, म्हणून उतरणीच्या वेळी मोजणी सोडून जेवायला जाऊ नका. ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन पासाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे बंगळुरूच्या ६१० ला चार दिवस. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत वाढवून घ्या, आणि माल दुसऱ्या गाडीत घातला तर त्या बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये नवा नंबर आधी टाका.

अनुमानित करपद्धतीत (हिशेबाऐवजी ठरावीक उत्पन्न धरून आयकर भरण्याच्या पद्धतीत) १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८.५ टनी गाडीला वर्षाचे ३,४२,००० झाले, गाडी धावो की दारात उभी राहो. स्वतः स्टिअरिंगवर असताना अपघात झाला तर मालक-चालक म्हणून वैयक्तिक अपघात विमा साधारण १५ लाखांचाच. त्यावर वेगळी पॉलिसी घ्या.

| | मालकाकडे | कंपनीत | स्वतःची |
|---|---|---|---|
| उभा दिवस | ड्रायव्हरचा | कंपनीचा | हप्त्यासह तुमचा |
| रिकामी परत | मालकाची | कंपनीची | तुमची |
| गाडीचे काम शिकणे | भरपूर | जेमतेम | नाइलाजाने सगळे |
| सोडून जाणे | उचल फेडून | नोटीस देऊन | गाडी विकून |

आमचे मत सरळ आहे. पंचविशीच्या आतल्या आणि हात न बसलेल्या पोराने, उचल न घेता, दोन वर्षे चांगल्या मालकाकडे काढावी. घरी लहान मुले किंवा आजारी माणूस असेल तर ठेकेदाराचे नाही, कंपनीचेच पत्र मिळत असल्यास कंपनी. हातात थोडे कमी पडले तरी चालेल. स्वतःची गाडी दोन्ही बाजूंचा माल बांधलेला असेल आणि सहा हप्ते बँकेत वेगळे पडलेले असतील तरच. ‘मित्राने घेतली’ हे कारण धरू नका. मित्राची वही तुम्ही पाहिलेली नसते.

नोकरी असो वा गाडी, हो म्हणण्याआधी त्या मार्गावर एक फेरी मारा आणि चार गोष्टी टिपा: चाक फिरलेले तास, भरणी-उतरणीत बसलेले तास, खिशातून गेलेले सुटे पैसे, सलग मिळालेली झोप. अपघात झाला तर वकील आणि जामीन कोण बघणार, हेही त्याच फेरीत मालकाला विचारा. जानेवारी २०२४ चा संप ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून झाला, ते हिट-अँड-रनचे कलम १ जुलै २०२४ ला बाकी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा थांबवून ठेवले. बाकीची अपघाताची कलमे चालूच आहेत, आणि पोलिस ठाण्यात पहिला बसतो तो ड्रायव्हर.