क्यूजीआयएस : सोलापुरातील आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतील विहिरींच्या नोंदी नकाशावर आणण्यासाठी मी गेले आठ महिने क्यूजीआयएस वापरत आहे. गॅरी शेरमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेले हे नकाशे बनवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या खर्चाशिवाय कितीही संगणकांवर बसवता येते, आणि आमच्यासारख्या छोट्या गटाला याचे मोल फार वाटते.

विंडोजवर ते बसवण्याचे दोन मार्ग आहेत. एकच मोठी फाइल उतरवून बसवणे सोपे खरे, पण मी ओएसजिओफोरडब्ल्यू या स्थापना-प्रोग्रामचा दुसरा मार्ग सुचवेन, कारण त्यात उतरवलेली पॅकेजे एका फोल्डरमध्ये साठून राहतात आणि तोच फोल्डर पेन ड्राइव्हवरून नेऊन इंटरनेट नसलेल्या संगणकावरही स्थापना करता येते. आमचे उरलेले दोन संगणक मी असेच तयार केले. पॅकेज निवडताना एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, आवृत्तीच घ्यावी. नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते, एलटीआरला मात्र वर्षभर प्रामुख्याने दुरुस्त्याच मिळतात, त्यामुळे प्रकल्प अर्ध्यावर असताना काही बदलत नाही. सुरुवातीला मी नवीनतम आवृत्ती घेतली, आणि एक प्लगइन (जोड-प्रोग्राम) तिच्याशी जुळेना म्हणून दोन दिवस गेले.

स्थापनेपेक्षा अधिक वेळ निर्देशांक प्रणाली, म्हणजे जागेचे स्थान अंकांत मांडण्याची पद्धत, समजून घेण्यास द्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. सोलापूर जवळपास 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आणि 75.9 अंश पूर्व रेखांशावर आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदींचा तक्ता) जोडताना एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यावा लागतो. मी ते उलटे दिले तेव्हा आमच्या सर्व विहिरी उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळ उमटल्या. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पुढची दिसत नाही. 1993 च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध होता, म्हणून आम्हाला प्रत्येक स्रोताभोवती तेवढे वर्तुळ हवे होते. स्तर (नकाशावरचा नोंदींचा थर) अंशांत असेल तर बफरची, म्हणजे अशा वर्तुळाच्या अंतराची, संख्याही अंशांत धरली जाते, आणि अंदाजाने अंशांत रूपांतर केले तर पूर्व-पश्चिम अंतर आक्रसते, कारण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे 106 किलोमीटर, तर अक्षांशाचा जवळपास 111 किलोमीटर भरतो. त्यासाठी स्तर आधी यूटीएम 43 उत्तर (ईपीएसजी यादीतील क्रमांक 32643) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणावा.

मराठी नोंदी भरणाऱ्यांनी शेपफाइल (नकाशाची माहिती साठवण्याचा एक फाइल-प्रकार) टाळावी. तिच्या स्तंभनावाला दहा बाइटांची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला वा मात्रेला तीन बाइट लागत असल्याने ‘पाणीपातळी’ हे नाव तिसऱ्या चिन्हानंतर तुटते. आता आम्ही सारे जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारातच ठेवतो आणि गावांची नावे, शेरे, स्तंभांची शीर्षके मराठीतच लिहितो.