इन्स्टॅक्स मिनी १२: वर्षभर सगळ्यांच्या हातांतून फिरलेला कॅमेरा

सुट्टीला जाताना बरोबर काय न्यावं असं कुणी विचारलं की मी आता पहिलं नाव या कॅमेऱ्याचं घेते. फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी १२. गेलं अख्खं वर्ष तो आमच्याबरोबर हिंडला. भावंडांसोबत समुद्रावर, कॉलेजच्या मैत्रिणींसोबत डोंगरात, आणि वर्षअखेरीला सगळं गणगोत एका छपराखाली जमलं तेव्हाही. फोन प्रत्येकाच्या खिशात होताच. तरी "तो कॅमेरा आण ना" ही हाक प्रत्येक ठिकाणी आली.

याचं कारण माझ्या मते एकच. फोटो तिथल्या तिथे कागदावर मिळतो आणि ज्याच्या हातात पडतो त्याचाच होऊन जातो. सहलीहून परतलं की ग्रुपवर ढीगभर फोटो येतात, दोन दिवस त्यावर बदाम पडतात आणि मग ते खाली कुठेतरी गाडले जातात. माझ्या आजीकडे तर स्मार्टफोनच नाही. तिच्यासमोर कुणीतरी फोन धरायचं, भराभर बोट फिरवायचं, "ही बघ, ही तू, हा आपला बंड्या" म्हणायचं आणि तिचा चष्मा नाकावर बसेपर्यंत पुढचा फोटो आलेला असायचा. या वर्षी तिच्याकडे तिचे स्वतःचे फोटो आहेत. त्यातला एक, माझ्या आईबरोबर बाकावर बसून हसतानाचा, ती चष्म्याच्या डबीत ठेवते. भेटायला आलेल्या प्रत्येकाला डबी उघडून दाखवते. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा कॅमेरा पुन्हा घेईन.

फोटोचा आकार त्याला कारण आहे. पूर्ण कागद ८६ गुणिले ५४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास बँकेच्या कार्डाएवढा, आणि आतलं चित्र ६२ गुणिले ४६. पाकिटात, डायरीत, आरशाच्या कोपऱ्यात, कुठेही मावतो. पण इतक्या लहान जागेत चेहरे दिसायला हवेत तर माणसं दोन ते चारच घ्यावीत. वीस जणांना एका रांगेत उभं करून फोटो काढला तर त्यात रांग दिसते, माणसं दिसत नाहीत. मोठ्या कुटुंबाला एकत्रच घ्यायचं असेल तर इन्स्टॅक्सचाच वाईड प्रकार बघा, त्याचं चित्र ९९ गुणिले ६२ मिलिमीटरचं असतं. कॅमेरा मात्र बराच आडवातिडवा आहे, पर्समध्ये बसत नाही. आम्ही मिनीवरच राहिलो आणि मोठ्या घोळक्याचे तुकडे पाडले: सगळ्या आत्या एका फोटोत, सगळी नातवंडं दुसऱ्यात, तिन्ही जावई तिसऱ्यात. हे तुकडेच पुढे जास्त मोलाचे ठरले, कारण आमच्या तिन्ही जावयांचा एकत्र असा फोटो याआधी कुणाकडेच नव्हता.

वापरायला तो अगदी सोपा आहे. लेन्स फिरवली की सुरू, आणखी थोडी फिरवली की जवळच्या फोटोची सोय, म्हणजे ३० ते ५० सेंटिमीटरवरून स्वतःचा फोटो काढायला. लेन्सशेजारी छोटा आरसा आहे, त्यात बघून चौकट जुळवायची. प्रकाश किती, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे तो स्वतः ठरवतो. शाळकरी भाचीला एकदा दाखवलं आणि तिनं लगेच तिच्या आजोबांना शिकवलं. फिल्म, म्हणजे फोटो उमटतो तो कागद, पॅकमध्ये मिळते आणि एका पॅकमध्ये दहाच फोटो. नवा पॅक घातल्यावर सुरुवातीला एक काळा संरक्षक कागद बाहेर येतो, तो फोटो नव्हे, तेव्हा लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. पॅक संपेपर्यंत मागचं झाकण उघडू नये, नाहीतर आतल्या फिल्मवर उजेड पडतो.

फोटो बाहेर येतो तेव्हा कोराच असतो. पांढऱ्या चौकटीच्या खालच्या रुंद पट्टीत रसायनाची पिशवी असते. बाहेर पडताना कागद दोन रुळांमधून दाबला जातो, ती पिशवी फुटते आणि रसायन चित्रभर पसरतं. साधारण दीड मिनिटात चेहरे वर येतात. तो हलवायचा नाही, वाकवायचा नाही. वारा घालून काही लवकर उमटत नाही. नुसता सपाट ठेवायचा आणि वाट बघायची. हे दीड मिनिट मला या कॅमेऱ्यात सगळ्यात आवडतं. समुद्रावर आमची पाच डोकी एका कागदावर वाकलेली, कुणी बोलत नाही, आणि मग एकदम "अगं, माझे डोळे उघडे आहेत!" असा भाचीचा ओरडा. फोनवर फोटो काढला की आपण लगेच त्यातले दोष शोधायला लागतो. इथे तो हळूहळू समोर येत असतो, म्हणून प्रत्येकजण आधी दुसऱ्यांचे चेहरे शोधतो. ती पट्टी मात्र कात्रीने कापू देऊ नका. आतलं रसायन तीव्र अल्कली असतं. त्वचेला लागलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

या प्रकारच्या फोटोग्राफीचं मूळही एका कुटुंबाच्या सुट्टीतच आहे. पोलरॉइड या झटपट फोटोच्या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध कंपनीचे संस्थापक एडविन लँड १९४३ मध्ये अमेरिकेत सान्ता फे इथे घरच्यांबरोबर सुट्टीवर गेले होते. काढलेला फोटो आत्ताच्या आत्ता का बघता येत नाही, असं त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं आणि लँड त्या प्रश्नाच्या मागे लागले. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी आपली पद्धत जाहीरपणे दाखवली. नोव्हेंबर १९४८ मध्ये बॉस्टनमध्ये पहिला कॅमेरा विक्रीला आला आणि दुकानातला साठा पहिल्याच दिवशी संपला. फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये आला. मी ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच विचारलं तिनं."

आता उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण फिल्म वाया जाते ती बहुतेक इथेच. या कॅमेऱ्याचा फ्लॅश प्रत्येक फोटोला पडतो, तो बंद करायची सोय नाही. त्याची पोच साधारण दोन मीटर. म्हणजे रात्री अंगणात शेकोटीभोवती बसलेल्यांचा फोटो लांबून काढलात तर पुढचे दोघे उजळ आणि बाकीचे अंधारात. जवळ जा, दोघातिघांचाच घ्या, आणि मागे एखादी भिंत येईल असे उभे राहा. काचेसमोर नको, फ्लॅश परत येतो. मंद उजेडात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं राहू शकतं, म्हणून कोपर अंगाला टेकवून श्वास रोखूनच बटण दाबायचं.

भर उन्हात उलटी गत होते. फिल्म ८०० आयएसओची, म्हणजे थोड्या उजेडातही चालणारी, आणि शटरचा सर्वांत जास्त वेग १/२५० सेकंद. दुपारच्या वाळूवर इतका उजेड तिला सोसत नाही, चेहरे पांढरे पडतात. आम्ही समुद्रावरचे फोटो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढले, आणि दुपारी काढायचेच झाले तर सावलीत. दूरच्या डोंगररांगा, सूर्यास्त, धबधबा यांच्यासाठी फिल्म खर्ची घालू नका. ते काम फोन चांगलं करतो. या कॅमेऱ्यानं माणसं टिपावीत.

थंडीचंही भान ठेवावं लागतं. कॅमेरा ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये वापरायचा आहे. गारठ्यात फोटो फिकट आणि निळसर उमटतात. डोंगरातल्या पहाटे माझी एक मैत्रीण कॅमेरा जॅकेटच्या आत घेऊन चालली आणि बाहेर आलेला प्रत्येक फोटो तिनं आतल्या खिशात उबेला ठेवला. रंग छान आले. उन्हात उभ्या गाडीत फिल्म ठेवणं त्याहून वाईट. विमानानं जाणार असाल तर फिल्म चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, तिथल्या क्ष-किरणांनी ती धुरकटते. हातातल्या पिशवीत घ्या आणि सुरक्षा तपासणीत हातानं तपासायची विनंती करा.

खर्चाचं सरळ सांगायचं तर कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, फिल्म मात्र कायम घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नाही. सगळ्यांनी वर्गणी काढल्याशिवाय वर्षभर हे जमत नाही, म्हणून आम्ही तसंच केलं. शिवाय एक नियम पाळला: एका सहलीला एकच पॅक. दहा फोटो म्हटल्यावर माणसं आपोआप विचार करतात. कुणाबरोबर काढायचा, कुणाला द्यायचा, हे बोलून ठरतं. डोंगरातल्या सहलीत शेवटचा कागद उरला होता आणि आमच्यातली एक मैत्रीण लवकरच परदेशी राहायला जाणार होती. कुणी काही न सुचवता सगळ्याजणी तिच्याभोवती उभ्या राहिल्या आणि फोटो तिला दिला. त्याची प्रत माझ्याकडे नाही. मला त्याचं वाईटही वाटत नाही.

ज्यांना प्रत ठेवायचीच आहे किंवा कागद वाया जाण्याची धास्ती वाटते, त्यांनी मिनी ईव्हो बघावा. तो आधी पडद्यावर फोटो दाखवतो, हवा तोच छापतो. फोनमधले फोटो याच फिल्मवर छापणारा मिनी लिंक नावाचा छोटा प्रिंटरही मिळतो. दोन्ही कामाची आहेत. आजीआजोबा दुसऱ्या गावी असतील तर प्रिंटर सोयीचा, निवडून छापा आणि पाकिटातून पाठवा. मला मात्र साधा मिनी १२च हवा. फोटो निवडायची सोय आली की पुन्हा "नको, माझा हा नको, दुसरा काढ" सुरू होतं आणि दोन तासांची भेट त्यातच जाते.

वर्षअखेरीच्या सुट्टीत आम्ही सगळे फोटो जमिनीवर महिन्यांनुसार मांडले. ज्याच्याकडे जे होते त्यांनी ते आणले होते. प्रत्येकाच्या खालच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईच्या पेनानं तारीख आणि बटण कुणी दाबलं त्याचं नाव. हे नाव जरूर लिहा. फोटो काढणारा फोटोत कधीच नसतो आणि काही वर्षांनी तो तिथे होता हेच विसरलं जातं. आमच्या काकांचं नाव इतक्या फोटोंवर निघालं की त्या संध्याकाळी मुलांनी कॅमेरा त्यांच्याकडून काढून घेतला आणि फक्त त्यांचेच फोटो काढले. ते लाजत होते, आणि काकू बाजूनं सूचना देत होत्या.

मांडून झाल्यावर सगळे फोनमध्ये स्कॅन करून ठेवले. या फोटोंना निगेटिव्ह नसते, हरवला की गेला. उन्हात लावून ठेवले तर रंगही उडतात, म्हणून अल्बम कपाटात आणि भिंतीवर फक्त प्रती.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण बंद न करता येणाऱ्या फ्लॅशसाठी राखला, कारण झोपलेल्या बाळाचा फोटो काढायला तोच आड येतो. घेणार असाल तर सुट्ट्या लागण्याआधीच फिल्म आणून ठेवा, त्या दिवसांत ती पटकन संपते. पाकिटावरची मुदत वाचून घ्या. आणि डबल ए आकाराचे दोन जादा अल्कलाइन सेल बॅगेत टाका: नव्या सेलवर साधारण दहा पॅक निघतात, पण ते पॅक कुणी मोजत बसत नाही.