चिकटलेली पापणी: वारेचा पडदा की ओठाचं अस्तर?

चुन्याची पुडी डोळ्यात फुटली आणि सहा महिन्यांनी पोराची खालची पापणी डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिकटली. मावसभाऊ विचारतोय, आता काय लावायचं?

आधी चिकटलंय किती, ते बघा. पापणी खाली ओढली की पांढुरका पट्टा ताणलेला दिसतो. डॉक्टर काचेची कांडी पापणी आणि डोळ्यामधल्या खाचेतून फिरवतात. ती कुठे अडते, त्यावर पुढचं ठरतं.

ऑपरेशनमध्ये चिकटलेलं सोडवतात आणि उघड्या पडलेल्या जागेवर वारेचा पडदा किंवा पोराच्याच ओठाच्या आतलं अस्तर लावतात. पडदा दान केलेल्या वारेतला (बाळंतपणानंतर पडते ती), म्हणजे दुसरी जखम नाही. पण तो काही आठवड्यांत विरघळतो. तोवर शेजारचं निरोगी आवरण त्यावर सरकलं तर ठीक, नाहीतर पट्टा परत येतो. ओठाचं अस्तर जिवंत, जास्त टिकाऊ. त्रास तोंडाला: काही दिवस तिखट बंद. शिवाय तुकडा डोळ्यात गुलाबी दिसत राहतो (लग्नाच्या फोटोची काळजी आत्तापासून आजीला!). पडद्याचे पैसे वेगळे, अस्तर घरचंच. खाच उघडी ठेवणारी कडी बहुतेकदा दोन्हींत बसवतात. विम्याच्या कागदावर निदानाचा आयसीडी-१० (आजारांची आंतरराष्ट्रीय यादी) कोड एच११.२.

पट्टा छोटा, बाकी डोळा धड असेल तर पडदा. खाचच बुजलीय किंवा एकदा सोडवून पुन्हा चिकटलंय, तर अस्तर. लाली उतरली नसेल तर सध्या दोन्ही नको.