मुनीम १०९ दिवस माझ्याकडे होता

लातुरात दहा-बारा पोरापोरींचा एक गट आहे. रस्त्यावरची म्हातारी, बरी न होणारी कुत्री-मांजरं ते उचलून आणतात आणि कुणाच्या तरी घरी शेवटपर्यंत सांभाळायला देतात. डॉक्टर, औषधं, तपासण्या त्यांच्याकडे. जागा, जेवण आणि माया आपल्याकडे. ती मुलं याला फोस्टर म्हणतात. मुनीम हा त्यांनी माझ्याकडे दिलेला म्हातारा कुत्रा. गटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मागं कुणीतरी त्यांचा पत्ता जाहीर केला तर आठवड्यात दारात तीन खोकी भरून पिल्लं आणून टाकली लोकांनी. ज्याला खरंच सांभाळायचं आहे त्यानं गावातल्या कुठल्याही प्राणिमित्राला विचारावं, त्यांच्यापर्यंत पोचता येतं.

मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. घर भाड्याचं, तळमजल्यावर. मागं फरशीचं अंगण आहे, त्यात एक नळ आणि कडुनिंबाची सावली. मुलगी हैदराबादला असते.

माझा कुत्रा मोती २०१९ साली गेला, त्याचं सांगितल्याशिवाय या मुलांचं मोल कळायचं नाही. एका दवाखान्यात अकरा दिवस त्याला सलाईन लावलं. रोज विचारलं की उत्तर एकच, "बघू, उद्या फरक पडेल." बाराव्या दिवशी मी मेडिकलवर इंजेक्शन आणायला गेले आणि तो तिकडे लोखंडी टेबलावर गेला. तो वाचणार नाही हे अकरा दिवसांत कुणी एकदा जरी तोंडातून काढलं असतं, तर मी त्याला घरी आणला असता. त्याच्या पायरीवर, त्याच्या उन्हात गेला असता तो.

म्हणून या गटातली मुलगी घरी आली तेव्हा तिनं बोललेलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "काकू, हा बरा होणार नाही. दोन महिने, फार तर तीन. तेवढे दिवस त्याला दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. जमेल का ते दोन दिवस विचार करून सांगा." मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

मुनीम आडत बाजारातला. बारा वर्षं एका आडत दुकानात वजनकाट्याशेजारी झोपायचा, म्हणून हमालांनीच ते नाव ठेवलेलं. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. दुकानाचे मालक पुण्याला मुलाकडे गेले, शटर पडलं, आणि हा शटरला पाठ लावून तसाच बसून राहिला. वाळला, ओकाऱ्या करायला लागला, तेव्हा एका हमालानं या मुलांना फोन केला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, ४.६. कुत्र्याचं १.४ च्या आत असावं लागतं आणि ५ च्या वर गेलं की मूत्रपिंडाच्या आजाराची चौथी, शेवटची पायरी. हा तिसरीच्या काठावर उभा होता. २८ जानेवारीला माझ्याकडे आला. त्याआधी मुलांनी त्याला रेबीजची लस दिली होती आणि मलाही लस घ्यायला लावली. ही गोष्ट मला फार आवडली.

या आजारात जनावर पाणी फार पितं आणि तितकंच लघवीवाटे टाकतं. सोळा किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर पाणी पुरतं. मुनीम अडीच लिटर प्यायचा. आता लातूरकरांना पाण्याचं वेगळं काय सांगायचं? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो. त्याचं पिणं कधीच कमी करायचं नाही, पाणी तोडलं तर तो दोन दिवसांत कोसळेल, हे मुलांनी बजावून सांगितलं होतं. मग वाचवायचं ते धुण्याच्या पाण्यात. जुन्या सुती लुगड्यांचे चार पदर, आत खताच्या पिशवीचं धुतलेलं प्लास्टिक, कडेनं दुहेरी टीप, अशा चौदा गाद्या शिवल्या. ओली झाली की वरचं कापड तेवढं काढून पिळायचं. बादलीभर पाण्यात दिवस निघायचा.

सलाईन द्यायला मला शिकवलं ते नीट लिहिते, कारण याच भीतीनं बायका मागं सरतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊन करायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते. सुई तिच्यात आडवी घालायची. कातडी ओलांडताना बोटाला बारीकसं 'पुट्' जाणवतं, जाड खणातून सुई पार होते तसं. हात सैल सोडायचा आणि चक्री उघडायची. दीडशे मिली जाईपर्यंत पाठीवर लिंबाएवढा, मग मोसंबीएवढा फुगवटा येतो. तो हळूहळू एका पायाकडे उतरतो आणि रात्रीपर्यंत जिरून जातो. पहिल्यांदा तो लोंबता पाय पाहून मी रडतच फोन केला होता. दिवसाआड हे चालायचं. शिलाईचा हात असल्यानं मला लवकर जमलं. पण मुलांनी फक्त एकाच संध्याकाळी दाखवलं, हे मला पटलेलं नाही. दोनदा समोर बसून करून घ्यायला हवं होतं.

आणि बारदानाची गोष्ट. मी त्याच्यासाठी नवी वाकळ शिवली होती, मऊ, आत दोन जुनी धोतरं घालून. पहिले चार दिवस तो तिच्यावर बसलाच नाही. रात्रभर फरशीवर नखं वाजवत फिरायचा, दाराशी जाऊन उभा राहायचा, परत यायचा. गटातल्या एका पोरानं हे ऐकलं, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आडत बाजारातून तुरीचं एक रिकामं बारदान घेऊन आला. झटकलंसुद्धा नव्हतं. अंथरलं तशी मुनीमनं त्याच्या शिवणीत नाक खुपसलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत गेला, तिथं अडकलेला तुरीचा एक दाणा जिभेनं काढला, मग तीन गिरक्या घेऊन बसला आणि इतका मोठा श्वास सोडला की मशीनवर मला ऐकू आला. त्या रात्री तो झोपला. औषधाची यादी कुणीही देईल. हे बारदान आणून देणं मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही.

सोबत एक वही देतात. अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या पशुवैद्यक बाईंनी दुखणाईत जनावराचं जगणं मोजायची रीत बसवली आहे, तिचं या मुलांनी मराठी केलंय. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात ओळी. प्रत्येकीला ० ते १० गुण, बेरीज ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय. आठवड्यातून दोनदा मी मांडायची. मुनीमचे आकडे ४४, ४८, ५१ असे चढत गेले. मार्चमध्ये तो अंगणात उन्हं आली की कण्हत का होईना पाठीवर लोळायचा. भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं तूप हे त्याचं जेवण. हाडं बंद, दुखण्यावरची माणसांची कुठलीही गोळी बंद. शेजारच्या मामी मायेनंच म्हणाल्या होत्या, "लंगडू लालंय की गं, अर्धी गोळी दे की." मी फोन करून विचारलं आणि बरं झालं विचारलं. मूत्रपिंड असं असताना ती गोळी त्याला घेऊन गेली असती. मांजराचा जीव जायला तर साधी पॅरासिटामॉलची एक गोळीही पुरते, हे त्या दिवशी कळलं.

तक्रारीही आहेत. एप्रिलच्या लग्नसराईत गटातली दोन मुख्य पोरं गावाला गेली आणि माझ्याकडच्या बाटल्या संपल्या. दोन दिवस फोनवर "आज पाठवतो" एवढंच. शेवटी मी स्वतः मेडिकलवरून तीन आणल्या. पैसे चौथ्या दिवशी मिळाले, तेही मी न मागता, पण त्या दोन दिवसांत मुनीमच्या तोंडाला वास यायला लागला होता आणि त्यानं अन्न सोडलं होतं. अशा घरी आठवड्याचा साठा आधीच ठेवायला पाहिजे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. घरमालकाशी बोलू असं कबूल केलं होतं, ते बोलणंही मलाच करावं लागलं. तपासणीचे कागद सगळे इंग्रजीत. मुलगी समजावून सांगायची, पण रात्री अकराला कागद हातात घेऊन बसलं की काही उमगत नाही.

मात्र रात्रीच्या फोनला मी पूर्ण मार्क देईन. १०९ दिवसांत मी नऊ वेळा अवेळी फोन केला असेल, नऊही वेळा उचलला गेला. एकदा पहाटे तीनला त्याला झटका आल्यासारखं झालं, तर ती मुलगी भावाला घेऊन स्कूटीवर आली आणि उजाडेपर्यंत माझ्या मशीनशेजारी बसून राहिली.

मे महिना आला, पारा बेचाळीसच्या पुढं गेला. कूलर लावला, ओलं गोणपाट टांगलं. वहीतला आकडा ३८, मग ३३, मग २६. पाण्याच्या भांड्याशी जायचा आणि नुसता वाकून उभा राहायचा. १६ तारखेला मी विचारलं, "इंजेक्शन देऊन त्याला सोडवणं कायद्यात बसतं का? पाप तर नाही ना?" पापाचं ती मुलगी काही बोलली नाही. कायद्याचं सांगितलं. जगवणंच क्रूरपणा ठरेल तेव्हा जनावराला सोडवायची वाट प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात ठेवलेली आहे. बऱ्या न होणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्याला शिरेतून पेंटोबार्बिटल हे कायमचं झोपवणारं औषध द्यावं असं रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांत लिहिलं आहे. त्यासाठी लागणारी मंजुरी मुलांनी आणली होती.

१७ मेला सकाळी डॉक्टर घरी आले. टेबल नाही, दवाखाना नाही, मागच्या अंगणात कडुनिंबाखाली त्याचं बारदान. ज्या हमालानं पहिला फोन केला होता त्यांनाही मुलांनी बोलावलं होतं. ते डोक्याचं फडकं सोडून खाली बसले आणि म्हणाले, "काय मुनीमजी, हिशोब झाला का?" त्यानं डोळे उघडले नाहीत, पण शेपूट दोनदा बारदानावर आपटली. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. तो घोरायला लागला, नेहमी घोरायचा तसाच. मग दुसरं. माझा हात त्याच्या खांद्यांच्या मधे होता, जिथं मी इतके दिवस कातडी उचलत होते तिथंच. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढायच्या आधीच मला ते आपोआप कळलं होतं.

पुरायला जागा गटातल्याच एकाच्या शेतात, औसा रोडकडे. खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवला होता, त्यामुळे उन्हात ताटकळावं लागलं नाही.

कुणाला हे करायचं असेल तर घरात तळमजल्यावर जागा, रोज तास-दोन तास आणि पाण्याची सोय बघा. सुरुवातीलाच आठवड्याच्या बाटल्या मागून घ्या, सलाईन दोनदा शिकवायला लावा, आणि दिवसभर नोकरीला घर बंद असेल तर सध्या घेऊ नका. माझ्या चौदा गाद्या आता अर्धांगवायू झालेल्या एका मांजरीच्या घरी गेल्या आहेत आणि कमी पडताहेत. जुनी सुती लुगडी असतील तर मुलांकडे धुऊन आणून द्या, मी शिवून देते. शिलाई घेणार नाही.