सारोनिक, आयोनियन की सायक्लेड्स? ग्रीसमध्ये आठवडाभर यॉट घेण्याआधी

चार्टर बोटीचा, म्हणजे भाड्याने घेतलेल्या यॉटचा, आठवडा सात दिवसांचा नसतो. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बोट ताब्यात मिळते. तपासणी, सह्या आणि किराणा उरकेपर्यंत अंधार पडतो. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी डिझेलची टाकी भरून बोट मूळ मरीनात (यॉट बांधायच्या बंदरात) परत आणायची आणि शनिवारी सकाळी नऊच्या आत रिकामी करायची. हातात राहतात सहा दिवस, त्यातलाही शेवटचा परतीचा. तेव्हा बेटं निवडताना आधी परतीचा रस्ता बघा, आणि त्यासाठी वारा समजून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये बाल्कनवर जास्त दाब आणि तुर्कस्तानवर कमी दाब असतो. त्यातून एजियन समुद्रावर उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, तो मेल्तेमी. आकाश निळंभोर, पावसाचा पत्ता नाही आणि वारा ५ ते ७ बोफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची ० ते १२ ची पट्टी), कधी ८ सुद्धा. एकदा लागला की तीन-चार दिवस रात्रीही थांबेलच असं नाही. सायक्लेड्स, म्हणजे एजियनच्या मध्यावरची बेटं, त्याच्या ऐन मार्गात आहेत. अथेन्सजवळच्या सारोनिक आखाताला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या, जमिनीचा आडोसा मिळतो, म्हणून तिथे तो बराच नरम असतो. ग्रीसच्या पश्चिमेच्या आयोनियन समुद्राचा वारा वेगळाच, माइस्त्रो: दुपारी वायव्येकडून सुरू होतो, ४-५ बोफोर्टपर्यंत चढतो आणि सूर्यास्ताला पडतो. म्हणजे सकाळी पोहायचं, जेवून शिडं उभारायची, रात्री शांत झोपायचं. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचं वेळापत्रक मिळणार नाही.

अंतरांमध्येही तसाच फरक आहे. आयोनियनमध्ये लेफकाडाहून निघून मेगानिसी, इथाका आणि केफालोनियाचं फिस्कार्डो असं फिरताना बहुतेक टप्पे १० ते १५ सागरी मैलांचे पडतात. पाच नॉटने (तासाला पाच सागरी मैल) दोन-तीन तास. सारोनिकमध्ये अथेन्सच्या अलिमोस मरीनाहून एजिना साधारण १६-१७ मैल, पोरोस ते हायड्रा १२-१३. सायक्लेड्समध्ये लाव्रिओ ते केआ हा पहिला टप्पा १५ मैलांच्या आत असल्याने फसवा वाटतो. पुढे किथनोस, सेरिफोस करत वारा पाठीशी घेऊन भराभर दक्षिणेला उतरता. परतताना सेरिफोस ते लाव्रिओ चाळीसहून जास्त मैल, वारा जवळजवळ तोंडावर, लाटा आखूड आणि उभ्या. सरळ गेलं तरी आठ तास, आणि सरळ जाता येत नाही, वाऱ्याविरुद्ध नागमोडी जावं लागतं. वारा ६ बोफोर्टच्या वर गेला तर बंदर सोडायला बऱ्याच चार्टर करारांत मनाई असते. बोट अडकते, विमान चुकतं, उशिराचा दंड बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये एका आठवड्यासाठी सायक्लेड्स घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. जून किंवा सप्टेंबरमध्ये जरूर घ्या, पण एक दिवस मोकळा ठेवा आणि गुरुवारपर्यंत उत्तरेकडे केआ-किथनोसपाशी परत या.

आयोनियनलाही एक अपवाद आहे. सप्टेंबरच्या मध्यानंतर तिथे गडगडाटी वादळं वाढतात. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाच्या चक्रीवादळाने केफालोनिया-इथाकाला जबर तडाखा दिला होता. उशिरा सप्टेंबरात जायचं असेल तर सारोनिक बरं.

बोट बांधण्याची पद्धत तिन्हीकडे सारखीच, आणि नवख्यांची सर्वांत जास्त फजिती इथेच होते. मुंबईच्या चार-पाच मीटर भरती-ओहोटीची सवय असलेल्यांना ग्रीसमध्ये पाणी हललेलंच दिसत नाही, त्यामुळे दोर दिवसभर सैल-घट्ट करत बसावं लागत नाही. पण धक्क्याला बोट आडवी लावत नाहीत. पुढचा नांगर टाकून मागे-मागे जायचं आणि बोटीची मागची बाजू धक्क्याला बांधायची. ६-८ मीटर पाण्यात ४० फुटी बोटीसाठी धक्क्यापासून ४०-५० मीटरवर, म्हणजे तीन-चार बोटींच्या लांबीवर, नांगर सोडा. नांगराची साखळी सलग सुटू द्या. मध्येच अडवली तर बोटीचं तोंड वाऱ्याने आडवं होतं आणि शेजारच्या बोटीवर जातं. वाऱ्याच्या बाजूचा मागचा दोर आधी बांधा, मग दुसरा, आणि शेवटी साखळी ताणून घ्या. नांगर गवतावर पडला तर धरत नाही. पाण्यात फिकट दिसते ती वाळू, गडद दिसतं ते गवत. फेरीबोटींच्या लाटांनी मागची बाजू दगडावर आपटू नये म्हणून धक्क्यापासून मीटर-दीड मीटर अंतर राखा.

हायड्राचं बंदर इवलंसं आहे. उन्हाळ्यात तिथे बोटींच्या दोन-तीन रांगा लागतात आणि सकाळी एकाची साखळी दुसऱ्याच्या साखळीवर पडलेली असते. अशा वेळी जोर लावू नका. नांगर वर ओढत दुसऱ्याची साखळी दिसेपर्यंत आणा, तिच्याखालून एक दोर फिरवून दोन्ही टोकं आपल्या बोटीवर पक्की करा. आपला नांगर थोडा खाली सोडला की तो सुटतो. तो बाजूला घ्या आणि मग दोराचं एक टोक सोडा. हा खटाटोप नको असेल तर एर्मिओनीत बोट बांधून फेरीने हायड्राला जा. गाव मोटारींविना आहे, सामान खेचरांवरून जातं. दिवसभर गल्ल्यांतून चढ-उतार करायला वेळ पुरतो.

जमिनीवर काय बघायचं आहे, यावर उरलेला निर्णय ठरतो. इतिहासासाठी येणाऱ्यांनी सारोनिकच घ्यावं. एजिनावरचं आफाया देवीचं मंदिर इ.स.पू. ५०० च्या सुमाराचं, गावातून बसने जाता येतं. पालेआ एपिदाव्रोसच्या धक्क्यावरून टॅक्सीने प्राचीन नाट्यगृह गाठता येतं. उन्हं चढायच्या आत, उघडताक्षणी पोहोचा. एजिनाचे पिस्तेही पोतडीत भरा.

आयोनियनमध्ये जुनी घरं शोधू नका. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपाने केफालोनिया-इथाकातली बहुतेक गावं पाडली, फिस्कार्डो मात्र वाचलं. तिथली ओढ हिरव्या डोंगरउतारांची आणि पोहायच्या खाड्यांची. आयिया एफिमियाला बोट बांधून मेलिसानीच्या गुहेतलं तळं बघायचं तर माध्यान्हीच जा, ऊन छतातून थेट पाण्यावर पडतं तेव्हाच त्याचा निळा रंग उमटतो.

पायी भटकणाऱ्यांसाठी सायक्लेड्ससारखं दुसरं काही नाही. सिफनोसवर खुणा केलेल्या शंभराहून जास्त किलोमीटर पायवाटा आहेत. तिथला रविवार साधा: शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात छोले घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवतात. याला रेविथादा म्हणतात. शाकाहारी मंडळींची पोटभर सोय आहे. फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण), भरलेली टोमॅटो-ढोबळी मिरची, उकडलेला पाला सगळ्याच बेटांवर मिळतो. भरलेल्या भाजीत कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्या. पाणी मात्र सायक्लेड्समध्ये मोजून वापरा, प्रत्येक धक्क्यावर नळ असेलच असं नाही.

सान्तोरिनीचा हट्ट धरणाऱ्यांनी ती फेरीने करावी. तिथल्या काल्डेरात (ज्वालामुखीच्या पाण्याने भरलेल्या विवरात) पाणी इतकं खोल आहे की नांगर टाकता येत नाही.

स्वतः बोट चालवायची तर स्किपरकडे (बोटीच्या कप्तानाकडे) ग्रीसमध्ये मान्य असलेला परवाना हवा, आणि जहाजावर आणखी एक जाणती व्यक्ती हवी. परवाना चालेल का, हे आगाऊ पैसे भरण्याआधी चार्टर कंपनीकडून लेखी घ्या. शेंगेन व्हिसाही आधीच लागतो. परवाना नसेल तर स्किपरसह बोट घ्या. त्याला एक केबिन द्यावी लागते, म्हणून सहा जणांना चार केबिनची बोट. आयोनियनमध्ये फ्लोटिलाही (बोटींचे एकत्र ताफे) चालतात: आपली बोट आपण हाकायची, पण पुढाकार घेणारी बोट सोबत असते आणि संध्याकाळी धक्क्यावर दोर पकडायला माणूस उभा असतो. परवाना आहे पण हात बसलेला नाही अशा गटाने पहिला आठवडा तसाच काढावा.